कौन्सिलच्या वसाहतीत नवीन घरं येणार असतील तर: नकाशा पक्का होण्याआधी रहिवाशांनी काय करायचं

इंग्लंडमधल्या शहरांत कौन्सिलला (म्हणजे स्थानिक पालिकेला) नवीन घरं बांधायला मोकळी जमीन आता सहज मिळत नाही. म्हणून जुन्या वसाहतींमधल्या गॅरेजच्या रांगा, गाड्या लावायच्या जागा आणि दोन इमारतींमधले हिरवळीचे पट्टे यांवर बांधायचं ठरतं. याला तिथे ‘इनफिल’ म्हणतात. काही ठिकाणी जुन्या इमारती पाडून सगळंच नव्याने उभं करतात. दोन्ही प्रकारांत रहिवाशांना मत विचारलं जातं. मात्र ते मत किती उपयोगी पडेल, हे कोणत्या वेळी विचारलं यावर अवलंबून असतं. एकदा इमारतीची जागा, मजले आणि घरांची संख्या ठरली की पुढच्या बैठकांत विटांचा रंग आणि झाडांच्या जाती एवढंच उरतं.

हा लेख अशा वसाहतीत राहणाऱ्या, या प्रक्रियेशी पहिल्यांदाच गाठ पडलेल्या लोकांसाठी आहे: कौन्सिलचे भाडेकरू, पूर्वीचा कौन्सिल फ्लॅट विकत घेतलेले लीजहोल्डर आणि त्यांच्याकडे भाड्याने राहणारी कुटुंबं. नियम इंग्लंडचे आहेत, जिथे फक्त लंडनचे आहेत तिथे तसं सांगितलं आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे.

मुंबई-पुण्याहून आलेल्यांनी एक गोष्ट आधीच मनातून काढून टाकावी. आपल्याकडे सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते आणि बिल्डरशी वाटाघाटी सोसायटी करते. इथे जमीन कौन्सिलची आहे. इनफिलसाठी तुमची संमती लागत नाही, तुमचा सल्ला घ्यावा लागतो. तो नीट घेतला नाही तर मात्र कोर्ट निर्णय रद्द करू शकतं, आणि रहिवाशांचं खरं बळ तिथेच आहे.

१. तुमचा हक्क कोणता ते आधी बघा

कौन्सिलचे सिक्युअर टेनंट (कायद्याने भाडेहक्काचं संरक्षण असलेले भाडेकरू) असाल तर हाउसिंग ॲक्ट १९८५ चं कलम १०५ तुमच्या बाजूने आहे. वसाहतीच्या व्यवस्थापनात, सुविधांत किंवा पाडकामात तुमच्यावर मोठा परिणाम करणारा बदल करायचा असेल, तर कौन्सिलने तुम्हाला कळवून मत मांडायची संधी दिली पाहिजे आणि ते मत विचारात घेतलं पाहिजे. गॅरेज किंवा खेळाची जागा जाणार असेल तर पत्रात याच कलमाचा उल्लेख करा.

लीजहोल्डरना कलम १०५ लागू नाही. त्यांनी आपली लीज काढून वाचायची: बाग, गॅरेज, पार्किंग, ये-जा यांवर त्यात काही हक्क लिहिलेला आहे का? असेल तर तो कौन्सिलच्या प्रकल्प अधिकाऱ्याला लेखी कळवा.

खासगी भाडेकरूंना यातलं काही नाही, पण प्लॅनिंग अर्जावर (बांधकाम परवानगीच्या अर्जावर) मत कोणीही देऊ शकतं. व्हिसावर ‘सरकारी निधीचा लाभ नाही’ अशी अट असलेली मराठी कुटुंबं बैठकांपासून लांब राहतात. त्या अटीमुळे कौन्सिलचं घर मिळत नाही हे खरं, पण प्लॅनिंग अर्जावर मत देणं किंवा बैठकीला जाणं हा लाभ नव्हे. व्हिसाला त्याने धक्का लागत नाही.

२. योजना कुठवर आली आहे ते लेखी विचारा

इंग्लंडमधले आर्किटेक्ट आपलं काम ० ते ७ अशा टप्प्यांत मोजतात. टप्पा ० आणि १ मध्ये गरज आणि जागा ठरते, २ मध्ये आराखड्याची कल्पना येते आणि ३ मध्ये तो पक्का होतो. प्लॅनिंग अर्ज बहुधा टप्पा ३ संपताना जातो. रहिवाशांनी शिरायची वेळ १ आणि २. म्हणून पत्रक हातात पडताच प्रकल्प अधिकाऱ्याला ईमेल करा आणि चारच गोष्टी विचारा:

- काम सध्या कोणत्या टप्प्यावर आहे?
- कोणत्या गोष्टी अजून ठरायच्या आहेत आणि कोणत्या ठरून गेल्या?
- आणखी कोणते पर्याय तपासले आणि ते का सोडले?
- अंतिम निर्णय कोण घेणार आणि कोणत्या तारखेच्या बैठकीत?

या प्रश्नांमागे कायदा आहे. ब्रेंट कौन्सिलविरुद्धच्या १९८५ च्या खटल्यातून सल्लामसलतीची चार तत्त्वं आली आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॅरिंगे कौन्सिलविरुद्धच्या निकालात ती उचलून धरली. निर्णय अजून घडत असताना विचारायचं. मत बनवता येईल इतकी माहिती द्यायची. पुरेसा वेळ द्यायचा. आलेली मतं मनापासून विचारात घ्यायची. दक्षिण लंडनमधल्या क्रेसिंगहॅम गार्डन्स वसाहतीत लँबेथ कौन्सिलने दुरुस्तीचे पर्याय सल्लामसलत चालू असतानाच बाद केले. २०१५ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय बेकायदा ठरवला.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात मागा. साधारण माहिती २००० च्या कायद्याखाली आणि जमीन, झाडं, बांधकाम यांविषयीची २००४ च्या पर्यावरण माहिती नियमांखाली मिळते. दोन्हीची मुदत २० कामाचे दिवस. ‘सगळी कागदपत्रं द्या’ असं लिहिलंत तर काम फार मोठं आहे म्हणून नकार येतो. ‘या जागेचा व्यवहार्यता अभ्यास आणि अमुक दोन महिन्यांतली बैठकांची टिपणं’ इतकं नेमकं मागा.

३. गट बांधा, आणि तो सगळ्या वसाहतीचा असू द्या

टेनंट्स अँड रेसिडेंट्स असोसिएशन असेल तर तिथून सुरुवात करा. नसेल तर प्रत्येक जिन्यातून एक जण घ्या. १० ते १५ माणसं पुरतात. सूत्रसंचालन एकाकडे, नोंदी दुसऱ्याकडे, कौन्सिलशी पत्रव्यवहार तिसऱ्याकडे. टिपण आठवड्याच्या आत सगळ्या दारांवर पोचलं पाहिजे. व्हॉट्सॲप ग्रुप सोयीचा, पण म्हाताऱ्या शेजाऱ्यांपर्यंत तो पोचत नाही, म्हणून जिन्यात कागदही लावा.

सगळ्यात जास्त घात होतो तो इथे. गटात फक्त विरोध करणारे किंवा फक्त निवृत्त लोक राहतात आणि ‘ही मूठभरांची मतं’ म्हणून कौन्सिल ती बाजूला सारते. लहान मुलांच्या आया, रात्रपाळीवाले, व्हीलचेअर वापरणारे, गर्दीच्या घरात अडकलेली कुटुंबं यांना मुद्दाम बोलवा. बैठक एक संध्याकाळी आणि एक शनिवारी सकाळी ठेवा, आणि मुलं सांभाळायची सोय व दुभाषा कौन्सिलकडे मागा. दुभाष्याची विनंती दोन आठवडे आधी आणि भाषेच्या नावासकट करा. ‘एशियन लँग्वेज’ एवढंच लिहिलं तर मराठी आजींसाठी गुजराती दुभाषा येऊ शकतो.

आणखी एक गट बैठकीत कधीच दिसत नाही: जे त्या नव्या घरांत राहायला येणार आहेत. २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये कौन्सिलांच्या प्रतीक्षायादीत १३ लाखांहून अधिक कुटुंबं होती. तात्पुरत्या निवाऱ्यात एका खोलीत मुलं वाढवणाऱ्या दोन-तीन कुटुंबांना बोलवायला कौन्सिलला सांगा. त्यांना कशी घरं हवीत हे ऐकल्यावर बैठकीचा सूर बदलतो आणि तो बदललाच पाहिजे.

पाडकाम असेल तर रहिवाशांना सल्ला देणारा स्वतंत्र सल्लागार मागा. पैसे कौन्सिल देते, पण मुलाखती घेऊन निवड रहिवाशांनी करायची.

४. जागेची माहिती तुम्हीच गोळा करा

आर्किटेक्ट जागेवर काही वेळा येतो, तेही दिवसा. पाणी कुठे तुंबतं, मुलं प्रत्यक्षात कुठे खेळतात, कचऱ्याची गाडी कुठे अडते हे तुम्हाला ठाऊक असतं. पण ते तोंडी सांगून उपयोग नाही. ते नकाशावर आलं पाहिजे.

साहित्य साधं आहे: वसाहतीचा १:५०० किंवा १:२०० प्रमाणातला नकाशा ए-३ कागदावर (कौन्सिल देतं), स्केल पट्टी, रंगीत पेनं, मोजायचा टेप आणि फोनचा कॅमेरा. नकाशा छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बिघडतं आणि सगळी मापं चुकतात.

आता नकाशावर खुणा करा.

पायवाटा: हिरवळीवर लोकांनी चालून पाडलेली वाट हा पुरावा आहे. नवी इमारत तीच अडवणार असेल तर शाळेला किंवा बस थांब्याला किती वळसा पडेल ते मीटरमध्ये मोजा.

सावली: २१ मार्चच्या आसपास सकाळी १०, दुपारी १२, २ आणि ४ वाजता एकाच जागेवरून फोटो काढा. बाग किंवा खेळाची जागा यांच्या किमान अर्ध्या भागाला २१ मार्चला २ तास ऊन मिळावं असा मापदंड इंग्लंडमध्ये वापरतात. तुमचे फोटो योजनेच्या उजेड-सल्लागाराच्या अहवालाशी ताडून बघता येतात.

पार्किंग: दुपारी मोजलेल्या रिकाम्या जागांना अर्थ नाही. लंडनमध्ये सर्रास वापरली जाणारी ‘लँबेथ पद्धत’ अशी: सोमवार ते गुरुवारमधल्या दोन रात्री, १२:३० ते ५:३० च्या दरम्यान, जागेपासून २०० मीटर चालण्याच्या अंतरातल्या सगळ्या गाड्या मोजायच्या. शाळेच्या सुट्टीतली मोजणी ग्राह्य धरत नाहीत. कौन्सिलची मोजणी कोणत्या तारखेची आहे ते म्हणूनच तपासा.

पाणी आणि गटारं: पाऊस थांबल्यावर तासाभराने कुठे पाणी आहे त्याचे फोटो, तारखेसकट.

जी जागा ‘वापरात नाही’ असं अहवालात येतं, तिचा वापर नोंदवा. गॅरेजची कुलपं गंजलेली असतील, पण आत एखाद्या रंगाऱ्याचं सामान किंवा कुणाची मोबिलिटी स्कूटर असते. किती गॅरेज भाड्याने दिली आहेत हा आकडा कौन्सिलकडून घ्या.

हे सगळं झाल्यावर आर्किटेक्टला वसाहतीत फिरायला बोलवा, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर. न्यूकॅसलच्या बायकर वसाहतीत आर्किटेक्ट राल्फ अर्स्किन यांच्या चमूने एका जुन्या अंत्यविधीच्या दुकानात आपलं ऑफिसच थाटलं होतं. रहिवासी जाता-येता आत येत. आधी ४६ घरांचा छोटा टप्पा लोकांबरोबर बसून आखला, मग पुढचं काम. त्याच बायकरमध्ये पाडकाम वेगाने आणि बांधकाम सावकाश झालं, त्यामुळे मूळ रहिवाशांपैकी थोड्यांनाच तिथे नवं घर मिळालं. म्हणून पाडकाम असेल तर पहिली मागणी कामाच्या क्रमाची: आधी नवी इमारत उभी राहील, लोक एकदाच हलतील, मग जुनी पडेल.

५. बैठकीत काय मागायचं

‘परवडणारी घरं’ एवढ्यावर थांबू नका. ‘अफोर्डेबल रेंट’ बाजारभाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. ‘सोशल रेंट’ सरकारी सूत्राने ठरतं आणि ते बरंच कमी असतं. ‘शेअर्ड ओनरशिप’ म्हणजे घराचा काही हिस्सा विकत आणि उरलेल्यावर भाडं. किती घरं कोणत्या प्रकारची, हा तक्ता मागा आणि प्रत्येक नव्या आराखड्यानंतर पुन्हा मागा. खर्च वाढला की सोशल रेंटचे आकडे गुपचूप खाली येतात.

मग घरं कुणाला मिळणार ते विचारा. वसाहतीतल्या गर्दीच्या किंवा गरजेपेक्षा मोठ्या घरांत राहणाऱ्यांना आधी संधी देणारं ‘लोकल लेटिंग्ज’ धोरण करता येतं. पहिल्या वाटपापुरतं की कायमचं, किती टक्के घरांना, हे लिहून घ्या. लोकांचा विरोध मावळायला याहून मोठं कारण मी पाहिलेलं नाही.

आकारासाठी राष्ट्रीय मापदंड आहे आणि लंडनमध्ये तो सगळ्या नव्या घरांना लागू आहे. एका मजल्यावरच्या घरासाठी: दोन माणसांचं एका बेडरूमचं ५० चौरस मीटर (सुमारे ५३८ चौरस फूट), चार माणसांचं दोन बेडरूमचं ७०, पाच माणसांचं तीन बेडरूमचं ८६, सहा माणसांचं ९५. हे माप आपल्याकडच्या कार्पेट एरियाच्या जवळचं, आतल्या भिंती धरून. दुहेरी बेडरूम किमान ११.५ आणि एकेरी ७.५ चौरस मीटर. लंडनमध्ये बाल्कनी दोन माणसांना ५ चौरस मीटर, पुढे दर माणशी १ वाढ, आणि तिचं आतपर्यंतचं माप व रुंदी दोन्ही किमान १.५ मीटर. नकाशावर पट्टी ठेवून हे स्वतः मोजा. बेडरूम किती आणि माणसं किती, दोन्ही बघा: दोन बेडरूमचं घर तीन माणसांसाठी धरलं की ६१ चौरस मीटरमध्येही बसतं.

स्वयंपाकघराचा मुद्दा आपल्या लोकांनी संकोच न करता मांडावा. आराखड्यात बहुधा दिवाणखाना आणि स्वयंपाकघर एकत्र असतं. रोज फोडणी देणाऱ्या, एकाच खोलीत कुणी झोपतं आणि कुणी अभ्यास करतं अशा घरांना दार आणि खिडकी असलेलं वेगळं स्वयंपाकघर हवं असतं. बांगलादेशी, सोमाली, नायजेरियन शेजाऱ्यांचंही हेच म्हणणं निघतं. टप्पा २ मध्ये मागितलं तर भिंत सरकते. टप्पा ४ मध्ये पाइप आणि वायुवीजनाची नळी ठरलेली असते, तेव्हा नाही.

आगीच्या सुरक्षिततेवर प्रश्न विचारताना तज्ज्ञ असायची गरज नाही. १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली, आणि तिथल्या रहिवाशांनी धोक्याबद्दल आधीच लेखी इशारे दिले होते. नवी इमारत किती मीटर उंच, जिने किती, आगीचा बंब तुमच्या जुन्या इमारतीपर्यंत अजूनही पोचेल का, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. इंग्लंडमध्ये १८ मीटर किंवा त्याहून उंच नव्या निवासी इमारतीला दुसरा जिना ३० सप्टेंबर २०२६ पासून बंधनकारक आहे.

प्रश्नावली भरताना जरा थांबा. ‘तुम्हाला जास्त झाडं आवडतील का?’ याला सगळेच हो म्हणतात आणि ते ‘हो’ अहवालात योजनेला पाठिंबा म्हणून मोजलं जाऊ शकतं. मोकळ्या चौकटीत स्पष्ट लिहा: झाडं हवीत, पण या जागी पाच मजल्यांना माझा विरोध आहे, तीन चालतील. भरलेल्या फॉर्मचा फोटो ठेवा.

६. लंडनमध्ये पाडकाम असेल तर मतदान

जुलै २०१८ पासून, महापौरांच्या निधीतून होणाऱ्या योजनेत एकही सोशल घर पडणार असेल आणि १५० किंवा जास्त नवी घरं येणार असतील, तर रहिवाशांचं मतदान घ्यावं लागतं. काही अपवाद आहेत. पाडकाम नसलेल्या इनफिलला हे लागू नाही.

मत १६ किंवा जास्त वयाच्या कौन्सिल भाडेकरूंना, किमान वर्षभर तिथेच राहणाऱ्या लीजहोल्डरना आणि किमान वर्षभर प्रतीक्षायादीत असलेल्या इतर रहिवाशांना. भाडेकरूचं नाव करारावर असावं लागतं, तेव्हा पत्नीचं नाव नसेल तर प्रस्ताव यायच्या आधीच चौकशी करा. साधं बहुमत चालतं, किमान मतदानाची अट नाही. घरी बसणाऱ्याचं मत कुठेच धरलं जात नाही.

मतदान ‘लँडलॉर्ड ऑफर’वर होतं. त्यात किती घरं, कोणत्या प्रकारची, परत येण्याचा हक्क, लीजहोल्डरना काय मिळणार, हे असतं. ‘प्रयत्न करू’ आणि ‘देऊ’ यांतला फरक शोधत ती वाचा. अधिकाऱ्याने बैठकीत दिलेलं आश्वासन ऑफरमध्ये नसेल तर ते छापून घेतल्याशिवाय मत ठरवू नका.

७. प्लॅनिंग अर्ज आल्यावर

अर्ज कौन्सिलच्या वेबसाइटवर क्रमांकासह येतो. मत द्यायला किमान २१ दिवस मिळतात. १० किंवा जास्त घरांच्या अर्जाचा निर्णय १३ आठवड्यांत अपेक्षित असतो. अर्जदारही कौन्सिल आणि निर्णय देणारीही कौन्सिल, हे कायद्याला मान्य आहे. दोन विभाग वेगळे असतात, म्हणून आधीच्या बैठकांत सांगितलेलं सगळं इथे पुन्हा लिहावं लागतं. अनेक जण इथेच चुकतात.

विचारात घेतले जाणारे मुद्दे: उजेड कमी होणं, घरात डोकावलं जाणं, रस्त्याची सुरक्षितता, पार्किंग, झाडं, आवाज, मोकळी जागा जाणं, इमारतीचा आकार. न घेतले जाणारे: घराची किंमत पडेल, माझ्या खिडकीतून दिसणारं दृश्य जाईल, ‘तसले लोक’ येतील. शेवटचं वाक्य कुणी लिहिलं तर त्याच्या इतर बरोबर मुद्द्यांचंही वजन जातं, आणि ते वाक्य मुळातच चूक आहे.

उजेडाच्या अहवालात खिडकीगणिक तक्ता असतो. आपली खिडकी शोधा. खिडकीवर पडणाऱ्या आकाशाच्या उजेडाचा आकडा २७ टक्क्यांखाली गेला आणि आधीच्या ०.८ पटींहूनही कमी झाला, तर फरक जाणवेल असं मानतात. तुमचा दिवाणखाना तक्त्यात ‘बेडरूम’ म्हणून लावलेला आहे का तेही बघा. ही चूक होते, कारण सल्लागार बाहेरून अंदाज करतो.

पत्र एका पानाचं, आपल्या शब्दांत, नकाशा आणि फोटो जोडून. एकाच मजकुराच्या शंभर प्रतींपेक्षा वेगवेगळी वीस पत्रं जास्त वाचली जातात. पत्रं वेबसाइटवर जाहीर होतात, तेव्हा फोन नंबर, आजारपण, मुलांची नावं मजकुरात टाकू नका.

अर्ज नगरसेवकांच्या प्लॅनिंग समितीपुढे गेला तर अधिकाऱ्याचा अहवाल किमान पाच दिवस आधी प्रसिद्ध होतो. त्यात तुमचा मुद्दा कसा मांडला आहे ते बघा आणि चुकीचा असेल तर समितीच्या सदस्यांना त्याच दिवशी लिहा. बोलायला आगाऊ नाव द्यावं लागतं आणि वेळ साधारण तीन मिनिटं. विषय दोनच घ्या. ‘मंजूर करूच नका’ याबरोबर ‘करणार असाल तर या अटी घाला’ हेही सांगा: कामाचे तास, ट्रकचा मार्ग, झाडांचं संरक्षण, खेळाची जागा आधी बांधून मग जुनी काढणं.

मंजुरीविरुद्ध शेजाऱ्यांना अपील नाही. कोर्टात पुनर्विलोकन मागता येतं, पण सहा आठवड्यांच्या आत आणि फक्त निर्णयातल्या किंवा प्रक्रियेतल्या बेकायदेशीरपणावर. वकिलाला पहिल्याच आठवड्यात गाठा.

८. बांधकाम सुरू झाल्यावर

गट मोडू नका. कंत्राटदाराच्या संपर्क अधिकाऱ्याबरोबर दरमहा बैठक ठेवा. काम सुरू होण्यापूर्वी आपल्या भिंती-छताचे तारखेसह फोटो काढा, नाहीतर नंतरच्या तड्यांचं कारण सिद्ध करता येत नाही. तक्रार आधी कौन्सिलकडे: पहिल्या पायरीचं उत्तर तक्रार नोंदवल्याची पोच दिल्यापासून १० आणि दुसरीचं २० कामाच्या दिवसांत यायला हवं. त्यानंतर घरमालक म्हणून कौन्सिलच्या वागण्याची तक्रार हाउसिंग ओम्बुड्समनकडे (ओम्बुड्समन म्हणजे स्वतंत्र तक्रार निवारक) आणि प्लॅनिंग विभागाची लोकल गव्हर्नमेंट ओम्बुड्समनकडे. एकाची दुसऱ्याकडे पाठवली तर महिने जातात.

फाइलमध्ये ठेवायचे कागद

- भाडेकरार किंवा लीज
- पहिलं पत्रक आणि प्रदर्शनातल्या फलकांचे फोटो
- टप्प्याविषयीचा ईमेल आणि उत्तर
- गटाच्या बैठकांची टिपणं, हजेरीसकट
- खुणांचा नकाशा, सावली-पार्किंगच्या नोंदी
- घरांच्या प्रकारांचा प्रत्येक तारखेचा तक्ता
- प्लॅनिंग अर्जाचा क्रमांक, आपलं पत्र, समितीचा अहवाल, मंजुरीतल्या अटींची यादी

मंजुरीतल्या अटींची यादी जिन्यात लावा. अट मोडली गेली की प्लॅनिंगच्या अंमलबजावणी विभागाला अटीचा क्रमांक आणि फोटो पाठवा. नव्या घरांतले लोक राहायला आले की त्यांनाही गटात घ्या: कंत्राटदाराने दोष दुरुस्त करून द्यायची मुदत साधारण १२ महिन्यांची असते, आणि ओल, गळती, बंद पडणारी लिफ्ट यांची एकत्र यादी त्या आत कौन्सिलकडे गेली पाहिजे.